दीड मीटरच्या पलीकडे, तीन मीटरच्या अलीकडे

फोटो काढणाऱ्याला मागे सरकायला किती जागा आहे, यावर औरंगाबादच्या गुलमंडीतल्या कित्येक घरांचे अल्बम ठरले. साध्या फिल्म कॅमेऱ्याचं भिंग ३५ मिलिमीटरच्या आसपासचं असायचं आणि फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. या दोन आकड्यांचा हिशेब सरळ आहे. माणूस जितका दूर उभा, साधारण तेवढीच रुंदी फोटोत मावते. दोन मीटरवरून दोन मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच एवढंच दिसतं. चौघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर मावतात, पण गुडघ्यांच्या वरच. पावलांपासून डोक्यापर्यंत माणूस हवा तर तीन मीटर मागे जायला हवं. कॅमेरा उभा धरला तर दोन मीटरवरूनही पूर्ण माणूस येतो, पण मग बाजूचे दोघं बाहेर जातात, आणि सणाच्या दिवशी कोणाला बाहेर ठेवणं कोणालाच पटत नाही.

सुपारी हनुमानाच्या मंदिरापासून मछली खडकाकडे निघालात की दोन्ही बाजूंना दुकानांची रांग लागते. दुकानांच्या मागे आणि वर, गल्ल्यांच्या आत, जुनी घरं. काही पडली, काहींच्या जागी तीन मजली इमारती आल्या, काही अजून आपापल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. या गल्ल्यांत फोटो काढायचा म्हणजे काढणाऱ्याची पाठ समोरच्या घराच्या ओट्याला टेकायची. म्हणून आमच्याकडच्या जुन्या रंगीत फोटोंतली माणसं गुडघ्याशी संपतात. तीच कुटुंबं पुढे सिडकोत राहायला गेली, घरापुढे चार पावलं अंगण आलं, आणि फोटोत पहिल्यांदा चपला दिसू लागल्या. नात्यातले आणि शेजारपाजारचे अल्बम मी वर्षानुवर्षं चाळत आलो आहे. हा फरक एकदा डोळ्यांत भरला की जागोजागी दिसत राहतो.

आमच्या घरांची दृश्य आठवण त्या लहानशा कॅमेऱ्याच्या दोन-चार सोयींनी आणि तितक्याच अडचणींनी घडवली, असं माझं ठाम मत आहे. कोण दिसतं, कुठे उभं राहून दिसतं, दिवसाच्या कोणत्या वेळी दिसतं आणि कोण कधीच दिसत नाही, याची बरीचशी उत्तरं त्या डबीच्या आत सापडतात. म्हणून ती डबी उघडून नीट पाहायला हवी.

आधीच्या पिढीच्या घरांत कॅमेरा म्हणजे बहुधा आग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण बनायचा बडोद्यात. काळ्या प्लॅस्टिकची गोलसर डबी, आत १२० नंबरचा रोल, त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो. वापरणाऱ्यानं ठरवायचं ते एवढंच, की बाहेर ऊन आहे की ढग. मागच्या लाल काचेच्या खिडकीतून रोलच्या कागदावरचा आकडा दिसेपर्यंत चाक फिरवायचं. चाक फिरवायचं राहिलं तर कॅमेरा अडवत नसे. एकाच जागी दुसरा फोटो बसायचा आणि बारशातल्या पाळण्यावर सहलीची बस चढायची. निगेटिव्हच मोठी असल्यानं ती थेट कागदावर ठेवून प्रिंट निघे, मोठी करण्याचा खर्च नसे. पांढऱ्या कडांचे ते चिमुकले चौकोनी कृष्णधवल फोटो अजून पुष्कळ घरांत मिळतात. या साधेपणाचं मूळ अमेरिकेत आहे. फेब्रुवारी १९०० मध्ये ईस्टमन कोडॅकनं ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकायला आणला, आणि फोटो काढायला फोटोग्राफर लागत नाही हे जगानं मान्य केलं.

पुढचा टप्पा ३५ मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यांचा. कोनिकानं १९७५ मध्ये सी३५ ईएफमध्ये फ्लॅश आतच बसवला आणि १९७७ मध्ये सी३५ एएफमध्ये फोकसही कॅमेऱ्यावर सोपवला. आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि थोडं थोडं आलं. परदेशी कॅमेऱ्यावर भरमसाट आयातकर होता, त्यामुळे आखातात नोकरीला गेलेल्या माणसाच्या बॅगेतून येणारा कॅमेरा हीच अनेकांची पहिली ओळख. १९८०च्या दशकात फोटोफोन कंपनीच्या हॉट शॉटच्या जाहिराती आल्या. नव्वदीत याशिका एमएफ-२ आणि नंतर कोडॅकचा केबी १० लग्नाच्या आहेरातसुद्धा दिसू लागले. औरंगाबादच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे इतरही कारखाने आले, आणि महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार घरी आणणारी माणसं या शहरात वाढली. रोल विकत घेणं, तो धुवायला टाकणं आणि छत्तीस प्रिंट काढणं हा खर्च अशाच पगारातून होऊ शकत होता.

घरोघरी आलेल्या या साध्या, स्वस्त कॅमेऱ्यांत काय होतं? आतलं थोडं सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. फोकस कायमचा बसवलेला असे. भिंगाचं छिद्र लहान ठेवलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. ३५ मिलिमीटरचं भिंग एफ-८ला ठेवून पाच मीटरवर फोकस केलं, तर अडीच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालून जातं. कारखाने फोकस त्याहून थोडा अलीकडे बसवत, म्हणजे दीड मीटरवरचा चेहराही ओळखू येई आणि लांबचा डोंगर किंचित मऊ पडला तरी कोणाची तक्रार नसे. शटरचा वेग बहुतेक एकच, सेकंदाचा सव्वाशेवा भाग किंवा त्याच्या आसपास. समोर कडक ऊन आहे की सकाळची सावली, हे अशा कॅमेऱ्याला कळतच नसे.

मग फोटो यायचे कसे? ते श्रेय फिल्मचं. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश आश्चर्य वाटावं इतका पचवते. गरजेच्या चौपट प्रकाश पडला तरी प्रिंट सुरेख निघते. कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. निम्म्यापर्यंत ठीक, त्याखाली काळ्या जागी दाणेदार, चिखलासारखा रंग येतो. म्हणून कॅमेऱ्याच्या डब्यावर सूर्याचं चित्र असे आणि दुकानदार सांगे, ऊन पाठीवर घ्या. अवघड ते सगळं फिल्म बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी आणि लॅबवाल्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि बटण दाबणाऱ्याच्या वाट्याला सोपं तेवढं ठेवलं होतं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या अतिशय उदार तांत्रिक रचनांपैकी ही एक.

ऊन पाठीवर घेण्याचा परिणाम पाहायचा तर बीबी का मकबऱ्यावर जा. या शहरात राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाचा तिथला एक फोटो आहे. मकबरा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि दरवाजाही दक्षिणेलाच. दरवाजातून आत आलं की आपण उत्तरेकडे पाहत असतो. पाण्याच्या लांब हौदापाशी फोटो काढणारा उभा राहतो, त्याच्या पाठीशी दक्षिणेचं ऊन, आणि ज्यांचा फोटो काढायचा ते बरोब्बर सूर्याकडे तोंड करून. दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून मकबऱ्यापुढचे आमचे सगळे पाहुणे डोळे बारीक करून पाहतात, कपाळाला आठ्या, एखाद्या मुलाचा हात डोळ्यांवर. त्यात कोणाचा स्वभाव शोधू नये. १६६० च्या सुमारास इमारत ज्या दिशेला बांधली आणि कंपनीनं शटरचा जो वेग ठेवला, त्या दोहोंनी मिळून त्या आठ्या पाडल्या आहेत. लाला दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकात हाच मकबरा काचेच्या प्लेटवर घेतला. त्यांच्याकडे तिपाई होती आणि हव्या त्या उजेडाची वाट पाहायला वेळही होता. सहलीच्या बसमधून उतरलेल्या कुटुंबाला वेळ नसतो. पुढे वेरूळ बाकी असतं.

वेरूळच्या कैलासापुढे हा कॅमेरा थिटा पडतो. अंगणात उभं राहिलं तर सुमारे तीस मीटर उंचीचं मंदिर चौकटीत मावत नाही आणि मागे लगेच कातळाची भिंत. त्यामुळे हत्तीपाशी उभी राहिलेली माणसं येतात, कैलास येत नाही. डोंगराच्या कडेनं वर चढून खाली पाहणाऱ्यालाच तो सबंध मिळतो. दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या वाटेत, उलट, हा कॅमेरा शूर ठरतो. काळोखात फ्लॅश लखकन पडतो आणि घाबरलेले, हसणारे चेहरे अगदी स्पष्ट येतात, मागे नुसता काळा रंग.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी, आणि मला तिथे जास्त रेंगाळायचं आहे. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आता हा साधा कॅमेरा घेऊन पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे उभं राहा. बाहेरच्या उन्हाच्या मानानं आतला उजेड हजारो पटींनी कमी. भिंगाचं छिद्र वाढत नाही, शटर जास्त वेळ उघडं राहत नाही, रोल १०० किंवा २०० आयएसओचा. बटण दाबलं तर फिल्मवर जवळजवळ काहीच उमटत नाही. म्हणून अजिंठ्याला जाऊन आलेल्या आमच्या कुटुंबांकडे वाघूर नदीचं वळण आहे, पायऱ्या आहेत, दगडी कमानीखाली उभे राहिलेले मामा-मामी आहेत, आणि ज्यासाठी गेलो त्या चित्रांचा एकही फोटो नाही. चित्रं घरी आली ती लेण्यांबाहेर विकत घेतलेल्या पोस्टकार्डांवरून. प्रवेशद्वाराच्या आत काय पाहिलं ते सांगणाऱ्याच्या तोंडी राहिलं. माझ्या पिढीनं पद्मपाणी आधी ऐकला आणि मग पाहिला तो याच कारणानं.

अजिंठ्याच्या उजेडाशी झुंज जुनी आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे मराठी वाचकाला परिचित असलेले रॉबर्ट गिल हे मद्रास सैन्यातले अधिकारी. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये त्यांना चित्रांच्या प्रती करायला नेमलं. वर्षानुवर्षं रंगवलेल्या त्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांचे दुहेरी भिंगाचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकरूपानं निघाले. सव्वाशे वर्षांनंतर, १९९०च्या दशकात, बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, आतल्या मंद उजेडातच, शटर पुष्कळ वेळ उघडं ठेवून ही चित्रं टिपली आणि त्यांचे खरे रंग जगापुढे आणले. तिपाई आणि उघडं ठेवता येणारं शटर, साध्या कॅमेऱ्यात नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

घरातला उजेडही लेण्यापेक्षा फार वेगळा नव्हता. चौसोपी घरात, माजघरात, चुलीपाशी चाळीस वॉटचा पिवळा बल्ब. तिथे फ्लॅशशिवाय फोटो अशक्य. फ्लॅशची कथा ऐकण्यासारखी आहे. दोन पेन्सिल सेलचे तीन व्होल्ट एका छोट्या सर्किटमधून वाढत जाऊन सुमारे ३०० व्होल्टपर्यंत पोचतात आणि कपॅसिटरमध्ये साठतात. ती साठवण चालू असताना जी बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू यायची, ती ऐकताच मुलं ताठ उभी राहत. दिवा लागला की फ्लॅश तयार. सेल जुने झाले की वाट लांबे, आणि तेवढ्यात बाळ रडायला लागे. या फ्लॅशचा पल्ला शंभरच्या रोलवर तीन मीटर, फार तर साडेतीन. म्हणजे फोकस दीड मीटरपासून पुढे आणि उजेड तीन मीटरपर्यंत. घरातलं आपलं सगळं आयुष्य त्या दीड मीटरच्या पट्ट्यात उभं राहून नोंदलं गेलं. बारसं, मुंज, हळदीकुंकू, केक, सगळं तिथेच. पट्ट्याच्या मागे बसलेली आजी काळोखात गेली, आणि पुढे हौसेनं घुसलेल्या भाच्याचं नाक पांढरं फटक झालं. फ्लॅश भिंगाला इतका लागून असे की त्याचा उजेड डोळ्यांच्या पडद्यावरून थेट परत यायचा आणि बुबुळं लाल दिसायची.

गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत तर या पल्ल्याची परीक्षाच. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघालेली मिरवणूक गुलमंडीवर येते तेव्हा दिवे लागलेले असतात. गच्चीवरून फ्लॅश मारला तर मूर्तीपर्यंत तो पोचतच नाही. समोरच्या कठड्याला टेकलेल्या शेजाऱ्यांच्या पाठी तेवढ्या उजळतात. ढोल आणि गुलाल यांतलं काहीच येत नाही. तरी दरवर्षी कोणी ना कोणी फोटो काढायचंच.

आणि मग काही माणसं अशी, जी कधीच आली नाहीत. साध्या कॅमेऱ्यांना सेल्फ टायमर क्वचितच असे. त्यामुळे जो फोटो काढतो तो बाहेर. कित्येक घरांत कॅमेरा काकांच्या किंवा वडिलांच्या हाती, म्हणून सहलीच्या अख्ख्या रोलमध्ये तेच नाहीत. दुसरी गैरहजेरी मला अधिक बोचते. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा, स्वयंपाक करतानाचा फोटो जवळजवळ सापडत नाही. तिला बाहेर बोलावलं जाई, पदर सारखा करून, हात पुसून ती ओट्यावर येई, तेव्हा फोटो निघे. छत्तीसच फोटो असताना रोजच्या कामावर एक कोण घालवणार? आणि चुलीपाशी उजेड तरी कुठे होता? काटकसर आणि काळोख, दोन्हींनी मिळून घरातली सगळ्यात जास्त वेळ चाललेली कृती अल्बमबाहेर ठेवली.

छत्तीसचा हिशेब सगळ्यांना पाठ असे. नीट रोल घातला तर सदतीस, नशीब असेल तर अडतीस. दिवाळीला घातलेला रोल संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत चाले, कधी शाळेच्या गॅदरिंगपर्यंत. उरलेले दोन-तीन फोटो घाईघाईनं, रोल संपवायचा म्हणून निघत. दारातली तुळस, स्कूटरवर बसवलेला मुलगा, कारण नसताना उभे केलेले शेजारी. गंभीरपणे सांगतो, जुन्या अल्बममधले सगळ्यात जिवंत फोटो मला हेच वाटतात. त्यात कोणी सणाचे कपडे घातलेले नाहीत.

रोल धुवायला टाकल्यावर दुसरा एक माणूस या फोटोंचा भागीदार व्हायचा, आणि त्याचं नाव कुठेच लागत नाही. रंगीत रोल सी-४१ या पद्धतीनं धुतात. कोडॅकनं ती १९७२ मध्ये आणली. डेव्हलपर ३७.८ अंशांवर, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद, आणि अर्ध्या अंशाचा फरकही चालत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात, वीज जात-येत असताना, हे तापमान सांभाळणं ही कसबाची गोष्ट होती. त्यानंतर प्रिंट. मशीन प्रत्येक निगेटिव्हमधल्या सगळ्या रंगांची सरासरी काढून ती करड्या रंगावर आणायला बघतं. आता चौकटभर लाल शालू असला तर मशीनला वाटतं लाल फार झालं. ते लाल कापतं आणि नवरीचा चेहरा निळसर पडतो. मकबऱ्याचा पांढरा गिलावा चौकटभर असला तर मशीन त्याला करडं करतं. तेव्हा लॅबवाला पिवळ्या, किरमिजी, निळसर-हिरव्या आणि घनतेच्या बटणांनी दुरुस्ती करायचा. एकेका निगेटिव्हला काही सेकंद, दिवसभर अशा शेकडो निगेटिव्ह. आपल्याकडच्या त्वचेचा गव्हाळ, सावळा रंग कागदावर कसा यावा याचा निर्णय अशा अनेक अनाम डोळ्यांनी घेतला. लग्नाचा एकच सोहळा दोन लॅबमध्ये धुतला तर नवरी दोन रंगांची दिसे, ती यामुळे.

हे कॅमेरे आता पुन्हा माळ्यावरून खाली येताहेत. तरुण मुलांना फिल्मची ओढ लागली आहे. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा काढला, तोही हातानं रोल सरकवायचा. घरातला जुना कॅमेरा वापरायचा असेल तर आधी सेलची जागा उघडून पाहा. सेल आत राहून गळले असतील तर हिरवट-पांढरी पूड दिसेल. मागच्या झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट डांबरासारखा झाला असेल तर तो खरवडून बदलावा लागतो, नाहीतर उजेड आत शिरून फोटोंवर केशरी पट्टे येतात. भिंगावर जाळं दिसलं तर ती बुरशी. फ्लॅश असलेला कॅमेरा स्वतः खोलू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमधले व्होल्ट आत असू शकतात आणि तो झटका जबर असतो. आणि रोल घातल्यावर रिवाइंडची खुंटी पाहत राहा. रोल पुढे सरकताना ती फिरली, तर फिल्म नीट अडकली आहे.

कॅमेऱ्यापेक्षाही मला काळजी निगेटिव्हची आहे. दिवाळीच्या आधी घरं आवरली जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या त्या तपकिरी पट्ट्या, चार-चार किंवा सहा-सहा फोटोंच्या, अल्बम आहेच की म्हणून टाकून दिल्या जातात. त्या टाकू नका. चिकट पानांच्या अल्बममधले प्रिंट आता पिवळे पडताहेत, प्लॅस्टिकला चिकटून फाटताहेत. निगेटिव्ह त्यांच्या मानानं बऱ्या टिकल्या आहेत. शिवाय निगेटिव्हवर प्रिंटपेक्षा जास्त असतं. छापताना मशीन चारी कडा थोड्या कापतं. त्या कापलेल्या पट्टीत कधी कोणाचा हात असतो, कधी दारात डोकावणारं पोर, कधी चौकटीत मावत नाही म्हणून ऐन वेळी बाजूला सरकलेली आत्या. पट्टीच्या कडेला कारखान्यात छापलेले क्रमांकही असतात, १, २, ३ असे. अल्बममध्ये फोटो निवडून, हलवून, नातेवाइकांना देऊन विस्कळीत झालेले असतात, पण पट्टीवर दिवाळीनंतर संक्रांत आणि संक्रांतीनंतर गॅदरिंग त्याच क्रमानं आहे. कोणता फोटो कोणत्या वर्षाचा यावर भावंडांत वाद असेल तर पट्टी उजेडासमोर धरून आधीचा आणि नंतरचा फोटो पाहावा. आमच्याकडे मोठ्या काकूंच्या घरातल्या पट्ट्या एका कोरड्या पाकिटात, सरळ, न दुमडता ठेवल्या आहेत. पाकिटावर पेन्सिलनं वर्ष लिहिलं आहे. एकेक पट्टी पुसून स्कॅन करायचं काम माझ्या चुलत बहिणीनं आता हाती घेतलं आहे.